निसटलेला दाता: टायमिंग बेल्ट, वाकलेले व्हॉल्व्ह आणि घाईत लिहिलेलं मृत्युपत्र

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भागाचा लेखी मसुदा. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमतील तेवढे काढलेत. राहिले असतील तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एका फोनवरून सुरू झाला. मागच्या पावसाळ्यात माझ्या मामाची डिझेल गाडी कसारा घाटाच्या अलीकडे बंद पडली. मामा नाशिकचा, स्वतःच्या गाडीवर टूरची भाडी मारतो. गाडी म्हणजे त्याचं दुकानच. आधी ताकद गेली, मग इंजिन फडफडलं आणि थांबलं. सेल्फ मारला तर नेहमीचा "घक-घक-घक" नाही, नुसतंच शिलाई मशीनसारखं "घर्रर्र". टो करून एका गॅरेजला नेली. तिथे त्यांनी वरचं कव्हर काढलं, बेल्ट सरकलाय म्हणाले, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, चारही कमी आले. निकाल लगेच: "इंजिन गेलं. हाफ इंजिन टाकावं लागेल." आकडा ऐकून मामाने मला फोन लावला.

"अरे, तू इंजिनिअर ना? बघ जरा हे खरं आहे का."

"मामा, मी सॉफ्टवेअरवाला आहे."

"मग काय झालं? शोधून सांग."

मी शोधायला बसलो आणि तीन रात्री तिथेच अडकलो. माझा समज होता की हा गॅरेजचा विषय आहे, तो निघाला इतिहासाचा. बेल्ट सरकल्यावर इंजिन मेलं की नुसतं बेशुद्ध पडलं, हे बऱ्याच अंशी त्या इंजिनाचा आराखडा कोणत्या काळात आणि कोणत्या हव्यासापोटी काढला गेला यावर ठरतं.

आधी यंत्र समजून घेऊ, थोडक्यात. खाली क्रँकशाफ्ट, त्याला जोडलेले पिस्टन वर-खाली पळतात. वर कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. एका चक्रात पिस्टनच्या चार फेऱ्या, म्हणजे क्रँकच्या दोन गिरक्या होतात आणि तेवढ्यात कॅमची एकच गिरकी व्हायला हवी. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या बरोबर दुप्पट दाते असतात. ताशी ऐंशीच्या वेगाने जाताना इंजिन मिनिटाला ३००० गिरक्या घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर येतोय आणि व्हॉल्व्ह अजून खाली लोंबतोय असं एकदाही होऊन चालत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ही दोन सर्व्हरची घड्याळं आहेत आणि त्यांना जोडणारी वायर म्हणजे तो बेल्ट. क्रँकच्या चाकाला समजा २० दाते असतील, तर एक दाता सरकला की क्रँकच्या हिशोबात १८ अंशांची चूक. दोन दाते म्हणजे ३६. घड्याळ थोडं मागे पडलं तर गाडी नुसती कण्हत चालते. जास्त पडलं तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह समोरासमोर येतात.

पूर्वी हे काम गिअर किंवा साखळी करायची. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनी जी फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बनवायची, तिच्या १०८९ सीसी इंजिनात कॅम खाली, बाजूला असायचा, क्रँकपासून जेमतेम वीतभर लांब. मध्ये आखूड साखळी, आणि वरचे व्हॉल्व्ह लांब सळ्यांनी ढकलायचे. साखळी झिजली की खडखडायची. टॅक्सीवाल्याला ते महिनोन् महिने ऐकू यायचं. म्हणजे रोग आधी सांगून यायचा. या मुद्द्याकडे परत येऊ.

आता पट्टा. याचा जन्म गाडीत झालेलाच नाही! १९४० च्या दशकात अमेरिकेत एल. एच. गिल्मर या पट्टे बनवणाऱ्या कंपनीतल्या रिचर्ड केस या इंजिनिअरने दातेरी रबरी पट्टा तयार केला, आणि त्याचं पहिलं मोठं काम होतं सिंगरच्या शिलाई मशीनमध्ये. वरची सुई आणि खालची बॉबिन एका तालात ठेवायची. साधा गुळगुळीत पट्टा घसरतो, साखळी आवाज करते आणि तिला तेल लागतं, तेलाचा थेंब कापडावर पडला की कापड वाया. दातेरी रबर न घसरता, न बोलता, कोरड्याने चालतं. मामा म्हणाला होता ना, इंजिन शिलाई मशीनसारखं वाजत होतं. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे माहेरी गेलं." असो.

गाडीत हा पट्टा पहिल्यांदा दिसतो तो रेसिंगमध्ये. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत बिल डेव्हिनने छोट्या पानहार्ड इंजिनावर वर कॅम बसवून तो गिल्मरच्या पट्ट्याने फिरवला. त्यातल्या एका गाडीने १९५६ मध्ये तिथल्या स्पोर्ट्स कार क्लबचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पण रेसची गाडी दर शर्यतीनंतर खोलली जाते. तिथे पट्टा किती टिकतो हा प्रश्नच नसतो.

दुकानातून विकत घ्यायच्या गाडीत हे धाडस केलं ते जर्मनीतल्या डिंगोल्फिंग या गावच्या हान्स ग्लास कंपनीने. आधी शेतीची पेरणीयंत्रं बनवणारी, मग गोगोमोबिल नावाची इवलीशी गाडी काढून नाव कमावलेली मंडळी. १९६१ ला त्यांनी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ग्लास १००४ ही गाडी दाखवली आणि १९६२ पासून ती रस्त्यावर आली. वर कॅम, तो फिरवायला रबरी दातेरी पट्टा. मोठ्या संख्येने बनलेल्या गाड्यांमधली ही पहिली. १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने ग्लास कंपनी विकत घेतली, आणि आज डिंगोल्फिंगला बीएमडब्ल्यूचा प्रचंड कारखाना आहे. गाडी विसरली गेली, पट्टा राहिला.

त्यानंतर रांगच लागली. अमेरिकेत पॉन्टिॲकचं १९६६ च्या मॉडेलचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्यात काचतंतूंचा धागा घातलेला निओप्रीनचा पट्टा. त्याच वर्षी इटलीत फियाटचं दोन कॅमवालं इंजिन. ते आखणारा ऑरेलिओ लाम्प्रेदी पूर्वी फेरारीची इंजिनं काढायचा. दोन कॅम, चढे आकडे, स्पर्धेतलं तंत्र, आणि ते परवडलं कशामुळे? त्या स्वस्त, मुक्या पट्ट्यामुळे. साखळीला तेलाने भिजलेलं बंद कव्हर लागतं, पट्ट्याला धूळ अडवणारं साधं झाकण पुरतं. पण याच इंजिनात मेकॅनिकांना एक नवीन गोष्ट शिकावी लागली: पट्टा काढून कॅम हाताने वेडेवाकडे फिरवले, तर येणारा आणि जाणारा व्हॉल्व्ह एकमेकांनाच धडकू शकतात. पिस्टनचा संबंधही नाही.

१९७० ला फोर्डचं पिंटो नावाने ओळखलं जाणारं २ लिटरचं इंजिन आलं. त्याचा पट्टा तुटला तर गाडी थांबायची, बस्स. नवीन पट्टा घाला, खुणा जुळवा, चला पुढे. पिस्टन अगदी वर असताना आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाही दोघांमध्ये जागा उरायची. त्या काळच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांचं असंच होतं. लोकांचा समज झाला की पट्टा म्हणजे पंक्चर होणाऱ्या टायरसारखी वस्तू. वैताग आहे, संकट नाही.

मग ही जागा गेली कुठे? मला वाटतं या सगळ्या गोष्टीचा खरा वळणबिंदू १९७६ मध्ये आहे. फोक्सवॅगनने त्या वर्षी डिझेल गोल्फ आणली. १४७१ सीसी, ५० हॉर्सपॉवर. तिचं इंजिन नव्याने काढलेलं नव्हतं. १९७२ च्या ऑडी ८० पासून जे पेट्रोल इंजिनाचं घराणं चालू होतं, त्यातूनच हे डिझेल घडवलं. १९७३ चं तेलसंकट नुकतंच होऊन गेलेलं, कमी तेलात जास्त पळणारी छोटी गाडी सगळ्यांना हवी होती. कॅम वर, फिरवायला तोच रबरी पट्टा, आणि आता त्याच पट्ट्यावर डिझेलचा पंपही लटकवलेला.

इथे मी कागद-पेन घेऊन बसलो. तुम्हीही बसा, सोपं आहे. १४७१ भागिले चार, एका सिलिंडरला साधारण ३६८ सीसी. पेट्रोल इंजिनात हवा आठ पट दाबली जाते असं धरलं, तर पिस्टन वरच्या टोकाला असताना उरलेली जागा ३६८ भागिले ७, म्हणजे ५२ सीसीच्या आसपास. चहाच्या छोट्या कटिंगएवढी. या डिझेलमध्ये हवा २३.५ पट दाबली जायची. ३६८ भागिले २२.५ केलं की उरतात साधारण १६ सीसी. एक मोठा चमचा. आणि त्या चमच्यातलाही मोठा भाग हेडमधल्या वेगळ्या छोट्या कप्प्यात, जिथे डिझेल फवारलं जातं. म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर जागा जवळजवळ शून्य. तिथे व्हॉल्व्ह लोंबत सापडला तर तो वाकणारच.

एकच घराणं, एकच पट्टा. पेट्रोलमध्ये सरकला तर बहुतेक वेळा गाडी फक्त थांबायची, डिझेलमध्ये सरकला तर हेड उतरवावं लागायचं. पट्टा गुन्हेगार नाही असं माझं म्हणणं नाही, पण तो एकटा नाही. मायलेजसाठी आणि ताकदीसाठी इंजिनिअरांनी ती मोकळी जागा थोडी थोडी करून विकून टाकली. ऐंशीच्या दशकात पेट्रोलवालेही त्याच वाटेने गेले: दाब वाढवा, दोनाऐवजी सिलिंडरला चार व्हॉल्व्ह घाला, ते जास्त उघडा. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हसाठी खोबणी कोरल्या, पण त्या फक्त टायमिंग बरोबर असेपर्यंतच्या. सगळा भरवसा रबरावर. आम्ही कोडमध्ये असंच करतो, एरर तपासायच्या ओळी काढून टाकतो, "हे कधी होणारच नाही" म्हणून. आणि ते शनिवारी रात्री होतं.

पट्टा कमकुवत राहिला असंही नाही, न्याय करायला हवा. निओप्रीन इंजिनाच्या उष्णतेत कडक होऊन तडकायचं, त्याच्या जागी उष्णता आणि तेल जास्त सोसणारं नायट्राइलचं सुधारलेलं रबर आलं. दात्यांचा आकार चौकोनी-तिरकस होता तो गोलसर झाला, त्यामुळे ताण दात्याच्या मुळाशी एकवटेनासा झाला. बदलायची मुदत साठ हजार किलोमीटरवरून लाखाच्या घरात गेली. पण साखळीची एक गोष्ट त्याला कधीच जमली नाही: तो खडखडत नाही. शिलाई मशीनमध्ये जो मुकेपणा गुण होता, तोच इथे नडला.

आपल्याकडे हा पट्टा मध्यमवर्गाच्या दारात आला तो १९८३ च्या डिसेंबरमध्ये, मारुती ८०० च्या पोटात. तीन सिलिंडर, वर कॅम, रबरी पट्टा. १९९८ ला पुण्यातून इंडिका आली, तिचं १.४ लिटर डिझेलही पट्ट्याचंच, आणि ती लगेच टॅक्सीच्या धंद्यात शिरली. म्हणजे कुर्ल्याच्या पद्मिनीवर वाढलेल्या टॅक्सीवाल्यांच्या आणि मिस्त्रींच्या हातात दोन दशकांत दोन नवीन गोष्टी एकदम आल्या: न बोलणारा पट्टा आणि जागा न ठेवणारं डिझेल. "आवाज आला की बघू" ही सवय, जी साखळीबरोबर अगदी शहाणपणाची होती, ती इथे महागात पडायला लागली.

आता मूळ प्रश्न. बेल्ट सरकलाय, इंजिनात किती नुकसान झालंय हे हेड न उतरवता कसं ओळखायचं? त्याचाही इतिहास आहे आणि तो मला जास्त आवडला.

सगळ्यात जुनं हत्यार कान. धड इंजिन सेल्फवर फिरताना अडखळत फिरतं, कारण प्रत्येक पिस्टन हवा दाबताना विरोध करतो. तीच ती "घक-घक". विरोधच नसेल तर मोटर मोकळी पळते. एकच सिलिंडर मेला असेल तर लय लंगडी होते, तीन ठोके आणि एक खड्डा. आजकाल हेच कान लावणं यंत्राने करतात: सेल्फच्या जाड वायरला क्लॅम्प लावून करंटचा आलेख काढायचा. जिथे टेकडी ठेंगणी, तो सिलिंडर कमजोर.

दुसरं कॉम्प्रेशन गेज. स्पार्क प्लगच्या किंवा डिझेलमध्ये ग्लो प्लगच्या भोकात लावून दाब मोजायचा. पेट्रोलमध्ये धडधाकट सिलिंडर साधारण १० ते १३ बार दाखवतो, डिझेल २५ च्या पुढे. आणि इथेच मामाच्या गाडीचा निकाल चुकला होता. त्यांनी बेल्ट सरकलेल्या अवस्थेतच दाब मोजला. कॅम मागे पडला असेल तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, पिस्टन वर येताना अर्धी हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. व्हॉल्व्ह नवेकोरे असले तरी दाब कमीच येणार, आणि चारही सिलिंडरमध्ये येणार. म्हणजे चारही आकडे सारखेच कमी असतील, तर तो पहिला पुरावा टायमिंगचा आहे, इंजिन मेल्याचा नाही. शिवाय व्हॉल्व्ह आडवे येत असताना पुन्हा पुन्हा सेल्फ मारणं म्हणजे जे वाकलं नव्हतं तेही वाकवणं. आधी खुणा जुळवायच्या, मग इंजिन पान्याने हातानेच दोन पूर्ण गिरक्या फिरवायचं, कुठे टणकन अडतंय का ते बघायचं. अडलं तर जोर करायचा नाही. न अडता फिरलं तरच गेज लावायचं.

तिसरी, लीक-डाउन चाचणी. ही विमानांच्या पिस्टन इंजिनांच्या देखभालीतली जुनी रीत. सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले ठेवून बाहेरून हवा भरायची, विमानवाले चौरस इंचाला ८० पाउंड दाब धरतात, आणि दोन गेजच्या फरकावरून गळती मोजायची. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हवा कुठून फुसफुसते ते ऐकणं. एअर फिल्टरच्या बाजूने आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह वाकलाय. सायलेन्सरच्या नळीतून आली तर बाहेर सोडणारा. ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा किंवा पिस्टन. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. कॉम्प्रेशन गेज सांगतं की घरात चोरी झाली, ही चाचणी सांगते की कोणत्या खिडकीतून.

चौथं, डोळा. बोरस्कोप. याच्या मुळाशी आपला एक माणूस आहे. १९५४ च्या जानेवारीत, म्हणजे डेव्हिनच्या रेसगाडीत पट्टा चढला साधारण त्याच वर्षी, लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी यांनी काचतंतूंच्या लवचिक जुडीतून चित्र पाठवण्यावर "नेचर"मध्ये लेख छापला. त्यातून पोट तपासायची लवचिक दुर्बीण आली आणि तिच्या नात्यातली इंजिनात घालायची नळी. आता टोकाला छोटा कॅमेरा असतो आणि चित्र फोनवर दिसतं. ग्लो प्लगच्या भोकातून आत बघायचं, पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी ताजी चमकदार खूण आहे का? असेल तर व्हॉल्व्ह टेकलाय. खूण दिसली नाही म्हणून व्हॉल्व्ह धड आहे असं मात्र नक्की होत नाही. केसाएवढा वाक डोळ्याला दिसत नाही, गळती करायला पुरतो.

पाचवं, कोड. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना एकाच पद्धतीचं निदानाचं सॉकेट सक्तीचं झालं. क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर यांचे ठोके जुळेनासे झाले की संगणक पी ००१६ हा कोड टाकतो. माझ्यासारख्याला हे वाचून फार बरं वाटलं, कारण ही आमचीच भाषा. पण हा कोड फक्त इतकंच म्हणतो की घड्याळं जुळत नाहीत. का जुळत नाहीत आणि त्यामुळे काय मोडलं, याबद्दल तो गप्प असतो. कॅम पुढे-मागे करणारी यंत्रणा अडकली तरी हाच कोड येऊ शकतो. हा कोड वाचून कोणी हाफ इंजिनाचा आकडा सांगत असेल तर दुसरीकडे जा.

मधल्या काळात कंपन्यांचं काय चाललं होतं ते पटकन सांगतो. २००० नंतर बरेच जण साखळीकडे परतले. फियाटचं १.३ मल्टिजेट, जे आपल्याकडे स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत सगळ्यांत होतं, ते साखळीचं. फोक्सवॅगनने छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये साखळी घातली, ती ताणायला लागली, आणि २०१२ च्या सुमाराच्या पुढच्या पिढीत ते परत पट्ट्यावर आले. फोर्डने १ लिटरच्या इकोबूस्टमध्ये पट्टा चक्क तेलात बुडवला, घर्षण कमी म्हणून. प्यूजोनेही १.२ लिटरमध्ये तेच केलं. तिथे रोगाचं रूपच बदललं: पट्टा सरकायच्या आधी त्याचा भुगा तेलाच्या जाळीत अडकतो आणि पहिली सूचना ऑइल प्रेशरच्या लाल दिव्याची येते. प्यूजोच्या इंजिनात पट्टा फुगलाय का हे ऑइल भरायच्या भोकातून माप घालून बघतात. पुढे दोघेही याच इंजिनांच्या नव्या आवृत्त्यांत साखळीवर आले. साठ वर्षं झाली, वाद अजून मिटलेला नाही.

परत मामाच्या गाडीकडे. मी त्याला सांगितलं की गाडी खोलू देऊ नको, फक्त दुसरं मत घे. त्याने नाशिकच्या जुन्या मिस्त्रींना गाठलं, सगळे त्यांना नाना म्हणतात. सत्तरीचे, पद्मिनीवर हात बसलेला. मी व्हिडिओ कॉलवर. नानांनी ना लॅपटॉप काढला ना लीक-डाउनचं यंत्र. "हेडला हात लावायच्या आधी बेल्ट काढू," म्हणाले. बेल्ट काढून त्यांनी क्रँक पाव गिरकीने मागे घेतला. चार सिलिंडरच्या इंजिनात असं केलं की चारही पिस्टन मधोमध येतात, कोणीच वर नसतो. आता कॅम कसाही फिरवा, धडक होणार नाही. मग कॅम हाताने फिरवत एकेका व्हॉल्व्हवरचा दाब सोडवत ते फिलर गेजची पाती सरकवायला लागले.

"नाना, हे काय मोजताय?" मी विचारलं.

"गॅप. वाकलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही बेटा, खालीच लटकतो. मग वर कॅमजवळ जागा वाढते. पाती ढिली जाते."

आठ व्हॉल्व्ह. सहा जागी पाती नेहमीसारखी घासून गेली. दोन जागी, तिसऱ्या सिलिंडरला एक आणि चौथ्याला एक, अख्खी जाड पाती डुलत आत गेली. अर्ध्या तासात निकाल. हा प्रकार सगळ्या गाड्यांत चालत नाही. गॅप स्वतःच भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट असतील तर पाती घालायला जागाच नसते. पण इथे चालला.

हेड उतरवावं लागलंच, पण हेडच. दोन व्हॉल्व्ह नवे, त्यांचे गाइड तपासले, सीटा घासल्या. नानांनी पिस्टनवरच्या खुणांवर बोट फिरवून बघितलं, मग डायल गेज लावून चारही पिस्टन वरच्या टोकाला सारख्याच उंचीवर येतात का ते मोजलं. कनेक्टिंग रॉड वाकला असता तर तो पिस्टन किंचित खाली राहिला असता. चारही सारखे. हाफ इंजिनाच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यात काम झालं. पहिल्या गॅरेजने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी योग्य चाचणी चुकीच्या क्रमाने केली, एवढंच मला दिसतं. मामाचं मत वेगळं आहे आणि ते इथे छापण्यासारखं नाही.

एक गोष्ट राहिली होती. बेल्ट सरकला का? जुना बेल्ट तुटलेला नव्हता, दाते जाग्यावर होते, मुदतही संपली नव्हती. फक्त एका बाजूची कड उसवलेली. नानांनी वॉटर पंपाचं चाक दोन बोटांत धरून हलवलं. ते डुललं. पंपाचं बेअरिंग गेलेलं, चाक तिरकं फिरत होतं, बेल्ट कडेला सरकत सरकत ढिला पडला होता. मामाला आठवलं, गेले दोन महिने रेडिएटरमध्ये पाणी थोडं थोडं कमी होत होतं. तो दर आठवड्याला वरून ओतायचा.

नवीन पंप, नवीन टेन्शनर, नवीन बेल्ट, तिन्ही एकदम बसवले. नानांनी खडूने झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटर लिहिले आणि मला कॅमेऱ्यात दाखवले.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गाडीच्या झाकणाआत असा खडू असेल तर फोटो पाठवा.